मागच्या फोरबॉलमधला माणूस

रविवारी सकाळी चार मित्र गोल्फ खेळत असतात तेव्हा दोन फुटांचा पट, म्हणजे बॉल हलकेच होलमध्ये ढकलण्याचा फटका, सहसा कुणी मारत नाही. बॉल होलजवळ येऊन थांबला की बाकीच्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "दिला, उचला." उचलणारा हात वर करून आभार मानतो आणि चौघं पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो त्या जागेकडे, चालू लागतात. यात गैर काही नाही. खेळ आपला, सकाळ आपली, पैज असलीच तर चहा-ऑम्लेटची. पण त्याच चौघांची नावं महिन्याच्या मेडल राउंडमध्ये, म्हणजे क्लबाच्या स्पर्धेत, लागली, की तोच पट आणि तोच "दिला" माणसाला स्पर्धेतून बाद करू शकतो. एकूण फटके (स्ट्रोक) मोजण्याच्या या प्रकारात, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये, प्रत्येक होल बॉल आत पडल्यावरच संपतो. उचललेला बॉल एका स्ट्रोकची पेनल्टी घेऊन जागेवर ठेवायचा आणि होल पूर्ण करायचा, ही संधी पुढच्या टीवरून मारेपर्यंतच मिळते. त्यानंतर सुटका नाही.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या खेळाडूच्या चेहऱ्यावर एक प्रश्न हमखास उमटतो. तिघांचीही हरकत नव्हती, मग बिघडलं कुणाचं? हौशी खेळाडूने नियम समजून घ्यायला याच प्रश्नापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. बिघडलं त्याचं, जो तुमच्या मागे तीन फोरबॉल (चौघांचे गट) सोडून खेळतो आहे. त्याने आपला दोन फुटांचा पट मारला, कदाचित चुकवलाही. संध्याकाळी निकालाच्या फळ्यावर त्याचं आणि तुमचं नाव एकाखाली एक येणार आहे. तुमच्या सोबत्यांनी उदारपणे जो पट "दिला", तो त्यांचा नव्हताच. त्यांनी त्या मागच्या माणसाच्या खिशातून काढून तुम्हाला दिला, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

मुळात हे नियम कागदावर उतरले तेच बाहेरची माणसं खेळायला येणार म्हणून. एडिंबरोजवळच्या लीथच्या मैदानावर त्याआधी कितीतरी पिढ्या गोल्फ खेळला जात होता. माणसं ओळखीची आणि रीती तोंडी. १७४४ मध्ये एडिंबरो शहराने चांदीचा एक क्लब, म्हणजे गोल्फची काठी, बक्षीस म्हणून ठेवला आणि स्पर्धा ब्रिटन-आयर्लंडमधल्या कुठल्याही भागातून येणाऱ्या सद्गृहस्थांना खुली केली. मग तिथल्या खेळाडूंनी तेरा नियम लिहून काढले. ती स्पर्धा जॉन रॅट्रे नावाच्या सर्जनने जिंकली. त्या तेरांपैकी एक नियम असा की बॉल एखाद्या माणसाने, घोड्याने किंवा कुत्र्याने अडवला तर जिथे थांबला तिथूनच मारायचा. मला हा नियम फार आवडतो, कारण तो आजही जवळजवळ तसाच आहे. कोर्सवरचं कुत्रं आडवं आलं आणि फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, धावता बॉल त्याला लागून वळला, तर जिथे थांबेल तिथून खेळायचं. त्याच कुत्र्याने थांबलेला बॉल तोंडात धरून पळवला तर मात्र पेनल्टीशिवाय बॉल मूळ जागी ठेवायचा. कावळ्याने नेला तरी तेच. ती जागा नेमकी ठाऊक नसेल तर अंदाजाने ठरवायची. पावणेतीनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी हा प्रश्न पडला होता, आणि आज येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या कोर्सवर खेळणाऱ्यालाही तो पडतो.

"दिला" म्हणण्याचा अधिकार गोल्फमध्ये नाहीच असं नाही. मॅच प्लेमध्ये तो पूर्ण आहे. तिथे समोर एकच प्रतिस्पर्धी असतो आणि एकेक होल जिंकायचा असतो. त्याला पट दिला, होल दिला, तर नुकसान झालं ते माझं, आणि ते सोसायचं की नाही हे मीच ठरवणार. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १९६९ च्या रायडर कपमध्ये रॉयल बर्कडेलच्या शेवटच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या हिरवळीवर) अमेरिकेच्या जॅक निकलॉसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला त्याचा छोटा पट देऊन टाकला. तो सामना बरोबरीत सुटला आणि रायडर कपच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही संघांचे गुण सारखे, १६–१६ झाले. निकलॉसच्या संघातल्या काहींना ते रुचलं नव्हतं. पण देण्याचा हक्क त्याचा होता.

नियमावली हा फरक किती बारकाईने जपते बघा. मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याने नियम मोडलेला दिसला तर तुम्ही तिकडे कानाडोळा करू शकता. आपसात तसं ठरवायचं मात्र नाही. स्ट्रोक प्लेमध्ये ही मुभा नाही. विसाव्या नियमात स्वच्छ लिहिलं आहे की दुसऱ्याने नियम मोडला असं दिसलं किंवा वाटलं, तर बाकीच्या सगळ्या खेळाडूंचं हित राखण्यासाठी ते त्या खेळाडूला, त्याच्या मार्करला (त्याचे आकडे लिहिणाऱ्या सोबत्याला), रेफरीला किंवा स्पर्धेच्या कमिटीला वेळेत सांगावं. आणि पहिल्याच नियमात आहे की लागू असलेला नियम किंवा पेनल्टी बाजूला ठेवायचं खेळाडूंनी जाणूनबुजून आपसात ठरवलं, तर ते सगळे बाद. फायदा घेणारा बाद होतो, तसाच देणाराही. चुकीचा आकडा माहीत असून कार्डावर सही करणारा मार्करही बाद होतो.

हे वाचायला सोपं आहे. कोर्सवर आपली खरी लढाई भिडेशी असते. हातात कार्ड असतं निवृत्त कर्नलसाहेबांचं, किंवा ज्यांनी आपल्याला क्लबात आणलं, पहिला सेट दिला, त्या काकांचं. फेअरवेबाहेरच्या रफमध्ये बॉलमागचं गवत त्यांनी क्लबने दोनदा दाबून घेतलं. क्लब हलका टेकवायला हरकत नसते. पण गवत दाबून मारण्याची जागा सुधारली तर दोन स्ट्रोक. आपण पाहिलं. आता "काका, दोन स्ट्रोक" म्हणायला जीभ रेटत नाही. वयाचा मान, उपकाराची जाणीव, दिवसभर एकत्र चालायचं आहे, आणि शिवाय "एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला" हा आपल्याकडचा जुना सूर.

मी ही भीड कमी लेखत नाही. ती आपल्या वागण्यातली चांगली गोष्ट आहे आणि घरात, लग्नकार्यात तिने कितीतरी वाद मिटवले आहेत. म्हणून ती मोडायला मी सांगणार नाही. तिला वाट काढून देता येते. पहिली गोष्ट म्हणजे नियम सांगणं हा ॲडव्हाइस (मनाई असलेला सल्ला) नव्हे. कुठला क्लब मारू, असं सोबत्याला विचारलं तर दोन स्ट्रोक लागतात. पण नियम काय आहे हे कुणीही कुणालाही केव्हाही सांगू शकतं. तेव्हा काका गवतात पाऊल टाकतात तेव्हाच म्हणावं, "काका, इथे गवत दाट आहे, मागे दाबलं जाऊ देऊ नका." आधी सांगितलेलं कुणाला लागत नाही. आणि घडून गेलंच असेल तर निवाडा आपण करायचा नाही. "तिथे काय झालं ते कार्ड देण्याआधी कमिटीला विचारून घेऊ या का?" एवढंच. यात आरोप नाही, वयाचा अवमान नाही, आणि मागच्या फोरबॉलमधल्या माणसाचा हक्क शाबूत राहतो. बहुतेक ज्येष्ठ खेळाडू या प्रश्नाला "हो, विचारू या" असंच म्हणतात. ज्यांना तो खटकतो, त्यांच्यापायीही तो विचारायलाच हवा.

बॉबी जोन्सची गोष्ट गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच. १९२५ ची यूएस ओपन, मॅसॅच्युसेट्समधला वूस्टर कंट्री क्लब. तेवीस वर्षांचा हौशी खेळाडू जोन्स रफमध्ये मारायला उभा राहिला आणि बॉल किंचित हलला. दुसऱ्या कुणालाच दिसलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक स्ट्रोक लावून घेतला. स्पर्धेअखेर विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली, छत्तीस होलचा प्लेऑफ झाला आणि जोन्स एका स्ट्रोकने हरला. त्याचं कौतुक करणाऱ्यांना, बँक लुटली नाही म्हणून कुणाची पाठ थोपटता का, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं असं सांगतात. ही गोष्ट नेहमी जोन्सच्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात मॅकफार्लेन दिसतो. जोन्सचा बॉल हलला तेव्हा तो तिथे नव्हता. त्याच्या वाट्याचा तो एक स्ट्रोक राखायला त्या रफमध्ये एकच माणूस हजर होता, त्याचा प्रतिस्पर्धी.

२०१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या हार्बर टाउनला ब्रायन डेव्हिसचं असंच झालं. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेत तोवर एकही स्पर्धा न जिंकलेला हा इंग्लिश खेळाडू जिम फ्युरिकविरुद्ध प्लेऑफमध्ये होता. हॅझर्डमध्ये, म्हणजे पाण्याकडच्या अडथळ्याच्या भागात, बॅकस्विंग घेताना एका सुट्या वाळक्या काडीला त्याचा क्लब लागला की काय, अशी त्याला शंका आली. त्याने लगेच रेफरीला बोलावलं. दोन स्ट्रोक लागले, स्पर्धा गेली. पुढे २०१९ मध्ये तो नियमच बदलला. आज पेनल्टी एरियात (अशा हॅझर्डचं आताचं नाव) अशी सुटी काडी हलली तर काहीच होत नाही. डेव्हिसचं नुकसान फुकट गेलं, असं मला तरी वाटत नाही. त्या दिवशी फ्युरिकही त्याच नियमाने बांधलेला होता.

२०१९ ची फेररचना मोठी होती. आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए या नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी मिळून चौतीस नियमांचे चोवीस केले. २०२३ मध्ये आणखी दुरुस्त्या झाल्या आणि अपंग खेळाडूंसाठीचे बदल पंचविसावा नियम म्हणून मूळ पुस्तकातच आले. आपल्या क्लबांमधले पुष्कळ जुने खेळाडू अजून त्याआधीच्या नियमांवर चालतात. हात खांद्याच्या उंचीवर धरून ड्रॉप करतात, म्हणजे बॉल नव्या जागी हातातून सोडतात. आता ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून करायचा. मारण्याआधी लक्षात आलं तर पेनल्टीशिवाय पुन्हा करता येतो, तसाच मारला तर एक स्ट्रोक. बॉल पाच मिनिटं शोधतात. आता तीनच मिनिटं. उलट ग्रीनवर चुकून बॉल हलला तरी घाबरतात. आता पेनल्टी नाही, जागेवर ठेवायचा आणि खेळायचं. बूट घासून उठलेले ओरखडे पटच्या रेषेतून दुरुस्त करता येतात, फ्लॅगस्टिक (झेंड्याची काठी) होलमध्ये ठेवून पट मारता येतो, बंकरमधला, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातला, वाळका पाला आणि खडे उचलता येतात. एवढं सगळं खेळाडूच्या बाजूने बदललं, आणि ते माहीत नाही म्हणून कुणी बंकरमध्ये दगडावर वेज क्लब आपटून घेतो तेव्हा खरंच वाईट वाटतं.

नियम म्हणजे शिक्षांची यादी, हा समज मला खोडून काढायचा आहे. त्यांचा मोठा भाग हक्कांचा आहे. झाडाच्या बुंध्याशी अडकलेला बॉल अनप्लेएबल (मारता न येणारा) ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. पेनल्टी एरिया सोडून कोर्सवर कुठेही तो निर्णय एकट्या खेळाडूचा. एक स्ट्रोक द्यायचा आणि तीन वाटांपैकी एक निवडायची. आधीच्या जागी परत जायचं, होल आणि बॉल यांच्या सरळ रेषेत हवं तेवढं मागे जायचं, किंवा बॉलपासून दोन क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप करायचा. वीस फूट उंच काटेरी झुडपात शौर्य दाखवून चार स्ट्रोक घालवणारे मी पाहतो तेव्हा त्यांना थांबवून ही दुसरी वाट दाखवावीशी वाटते.

कार्टच्या रस्त्यावर बॉल थांबला तर सुटका फुकट मिळते, पण तिथे एक खोच आहे. सुटकेची जागा बॉलपासून सर्वांत जवळची घ्यायची, सर्वांत सोयीची नाही. ती जवळची जागा कधी झुडपात निघते. म्हणून बॉल उचलण्याआधी जागा शोधावी. रस्त्यावरूनच मारणं परवडत असेल तर तसं मारता येतं. आधी उचलला आणि मग विचार बदलला, तर बॉल परत ठेवताना एक स्ट्रोक जातो.

पावसाळ्यात आपल्याकडे हे सगळं दुप्पट महत्त्वाचं होतं. जुलैत पुण्या-मुंबईच्या कोर्सवर फेअरवेवर पाणी साचतं, बॉल मातीत रुततो. पाय ठेवल्यावर पाणी वर आलेलं दिसलं तर ते तात्पुरतं पाणी आणि सुटका फुकट. नुसतं भुसभुशीत लागलं तर नाही. आपल्याच फटक्याने बॉल आपल्या खळग्यात जमिनीच्या पातळीखाली रुतला तर फेअरवे काय, रफमध्येही पेनल्टीशिवाय ड्रॉप मिळतो. बंकरमध्ये मिळत नाही. याच दिवसांत कमिटी बहुधा प्रिफर्ड लायचा स्थानिक नियम लावते, म्हणजे फेअरवेवर बॉल उचलून, पुसून, ठरलेल्या अंतरात ठेवायचा. पाऊस जातो, फळ्यावरचा कागद निघतो, हाताची सवय मात्र दिवाळीपर्यंत सुटत नाही. कागदावर नसताना बॉल सरकवून मारला तर दोन स्ट्रोक. पहिल्या टीवर जाण्याआधी स्थानिक नियमांचा तो एक कागद वाचायला चहा थंड होण्याएवढा वेळही लागत नाही. हद्दीचे पांढरे खुंट कुठे, दुरुस्तीची जमीन कुठली, हरवलेल्या बॉलसाठी मागे न जाता दोन स्ट्रोक घेऊन पुढे ड्रॉप करण्याची सवलत आज आहे की नाही, हे सगळं तिथेच कळतं.

ती सवलत नसेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवला तर धरायचा राखीव बॉल. इथे शब्दाला किंमत आहे. बॉल झाडीत गेला की आपण खिशातून दुसरा काढत म्हणतो, "थांबा, आणखी एक मारतो." एवढ्याने तो प्रोव्हिजनल होत नाही. तसं न सांगता मारलेला दुसरा बॉल हाच खेळातला बॉल ठरतो, आणि आगेवाल्याने (पुढे उभं राहून बॉलवर नजर ठेवणाऱ्याने) पहिला बॉल मोकळ्यात सापडल्याची खूण केली तरी त्याचा उपयोग उरत नाही. "प्रोव्हिजनल मारतो" हे सोबत्यांना ऐकू जाईल असं म्हणावं. आपली पिशवी वाहणाऱ्या कॅडीलाही हे माहीत असावं. आपल्या कोर्सवरच्या कितीतरी कॅडींना नियम उत्तम ठाऊक असतात, पण ते ऐकून-पाहून शिकलेले. कॅडीच्या हातून झालेली चूक नियमाने खेळाडूच्या नावावर लागते, तरी त्यांना मराठीत-हिंदीत बसवून नियम शिकवायला कुणी वेळ काढत नाही. प्रत्येक क्लबाने वर्षातून एक दुपार यासाठी ठेवावी असं मला फार वाटतं.

आणि काहीच सुचत नाही तेव्हा? रेफरी दूर, सोबत्यांची तीन मतं, मागचा फोरबॉल टीवर खोळंबलेला. हौशी स्पर्धकासाठी नियमावलीतली सर्वांत मोलाची तरतूद मला हीच वाटते. स्ट्रोक प्लेमध्ये योग्य काय हे कळत नसेल तर दोन बॉलने होल पूर्ण करता येतो. शंका आली की पुढचा फटका मारण्याआधी मार्करला सांगायचं, "मी दोन बॉल खेळतो, नियमात बसला तर हा धरायचा." दोन्ही आत टाकायचे, दोन्ही आकडे लिहून ठेवायचे, आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सगळं सांगायचं. दोन्हींवर सारखाच स्कोअर आला तरीही सांगायचं. न सांगितलं तर बाद. भांडण नाही, कुणाची भीड नाही, कुणाच्या मोठ्या आवाजाचा वरचष्मा नाही. मॅच प्लेमध्ये ही सोय नसते, हे लक्षात ठेवावं.

हँडिकॅपचाही, म्हणजे खेळाडूला कुवतीनुसार मिळणाऱ्या स्ट्रोकच्या सवलतीचाही, इथे संबंध येतो. २०२० पासून जगभर लागू होत गेलेल्या पद्धतीत शेवटच्या वीस स्कोअरपैकी उत्तम आठांवरून हँडिकॅप इंडेक्स निघतो. न मारलेले पट त्या आकड्यांत शिरले तर हँडिकॅप खऱ्यापेक्षा खाली जातो, आणि मग परगावच्या क्लबात, जिथे कुणी "दिला" म्हणत नाही, तिथे तो पेलवत नाही. ज्यांना दर पटला आत टाकण्याचा ताण नको असतो त्यांच्यासाठी स्टेबलफर्ड आहे. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात सुरू झाली. त्यात होलागणिक गुण असतात, आणि एखाद्या होलवर गुण मिळण्याची शक्यता संपली की बॉल उचलायला नियमाचीच मुभा आहे. नव्या खेळाडूने पहिली स्पर्धा स्टेबलफर्डची निवडावी.

शेवटी राहतं स्कोअरकार्ड. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे व्हिसेन्झोचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. सतराव्या होलवर त्याने तीनमध्ये बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक स्ट्रोक कमी) केली, टीव्हीवर जगाने पाहिली. मार्कर टॉमी ॲरनने चार लिहिले आणि दे व्हिसेन्झोने न तपासता सही केली. होलला लिहिलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच कायम राहतो, म्हणून ६५ चे ६६ झाले. बॉब गोल्बीशी बरोबरी आणि प्लेऑफ हुकला. आकडा खऱ्यापेक्षा कमी असता तर तो बादच झाला असता. हा नियम आजही तसाच आहे. एवढीच सवलत आहे की जी पेनल्टी लागल्याचं खेळाडूला ठाऊकच नव्हतं, ती राहून गेली म्हणून तो बाद होत नाही. तेवढे स्ट्रोक वाढवले जातात.

म्हणून अठरावा होल झाला की लगेच बारकडे वळू नये. सावलीत बसावं, मार्करने आपले आकडे होलमागून होल वाचावेत, आपण आपल्या आठवणीशी ताडून "हो" म्हणावं, मग त्याचं कार्ड तसंच वाचून द्यावं. शंकेचा होल असेल तर कमिटीच्या टेबलाशी दोघांनी मिळून जावं आणि जे घडलं तेवढंच सांगावं. मग दोघांच्या सह्या. बेरीज चुकेल याची काळजी नको. ती आणि हँडिकॅपचा हिशोब, दोन्ही कमिटीची कामं आहेत.